हळू बोला!

‘हळू बोला’ हे दोन शब्द मी आजवर किती वेळा उच्चारले असतील याचा हिशेब मांडला, तर माझ्या साऱ्या कादंबऱ्यांतल्या शब्दांहून ती बेरीज मोठी भरेल. शाळामास्तराच्या नशिबी हे असतेच. मुलांना आपापला धडा मोठ्याने वाचायला सांगावे आणि जरा खुर्चीला टेकावे, तर पहिली दोन मिनिटे वर्गात कशी गोड गुणगुण असते. मग खिडकीशी बसलेल्या एखाद्याला आपलाच आवाज नीट ऐकू येईनासा होतो. तो किंचित वर चढतो. त्याच्या चढण्याने शेजारच्याचा आवाज बुडतो; तो बापडा त्याहून वर चढतो. पाच मिनिटांत सारा वर्ग घसा फोडून ओरडत असतो आणि गंमत अशी, की कोणाचेही वाचन पहिल्याहून स्पष्ट ऐकू येत नसते. मी टेबलावर डस्टर आपटतो. क्षणभर शांतता. पुन्हा गुणगुण, पुन्हा तोच चढ. यात अपराधी कोण, हे मला वीस वर्षांत ठरवता आलेले नाही. एकेकाला उभे करून विचारले, तर प्रत्येक जण शहाण्यासारखाच वागलेला असतो!

या कोड्याचे एक शास्त्र आहे आणि आपल्या खिशातल्या मोबाइलचा कारभार पुष्कळसा त्या कोड्याभोवतीच फिरतो, हे मला गेल्या दिवाळीत कळले.

आमचे गाव शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, मध्ये टेकड्यांच्या सोंडा आणि त्या सोंडांच्या सावलीत वसलेले पाडे. मोबाइलचा मनोरा दिसतो, पण टेकडीवर चढले तरच. खाली गावात फोनवरची ती शिडीसारखी रेघ कधी एक असते, कधी तीही नसते. भाऊबिजेला बहीण आली, तिच्याबरोबर भाचा आला. तो असल्या मनोऱ्यांच्या कामावर इंजिनियर आहे. मी त्याच्यापुढे माझा फोन धरला आणि तक्रार केली, “सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी दुपारी अर्ध्यावर येते. कोणाशी बोललो नाही तरी हा निखाऱ्यासारखा तापतो. काही बिघाड आहे का रे?”

त्याने फोन हातात घेतला, हसला आणि म्हणाला, “बिघाड नाही मामा. तुमचा फोन ओरडतोय.”

अंगणात त्याच्या बहिणीने रांगोळीचे ठिपके मांडून ठेवले होते. त्यातल्या एका ठिपक्यावर त्याने पणती ठेवली आणि म्हणाला, “हा मनोरा.” मग जवळ एक शंकरपाळा ठेवला आणि त्याच्या दुप्पट अंतरावर दुसरा. “हे दोन फोन. दोघेही एकाच वेळी मनोऱ्याशी बोलताहेत. मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झाले, की आवाज एक चतुर्थांश उरतो. पण जमिनीलगत, झाडाझुडपांतून आणि घरांवरून जाताना तो त्याहून फार लवकर विरतो. साधारण अंदाजाला, अंतर दुप्पट झाले की सोळावा हिस्सा पोचतो असे धरा. म्हणजे दोघे सारख्याच जोराने बोलले, तर मनोऱ्याला जवळचा सोळा पट मोठ्याने ऐकू येतो. लांबच्याचे बोलणे त्याच्याखाली गाडले जाते.”

“मग लांबच्याने जोर करायचा.”

“आणि जवळच्याने जोर आवरायचा. खरी मेख तिथे आहे. फोनजवळ जोर किती? आजच्या फोनची कमाल ताकद वॅटचा पाचवा हिस्सा. लांबचा सगळी ताकद लावूनही पुरा पडत नाही. त्याला वाचवायचा, तर जवळच्याने हळू बोलले पाहिजे. पण जवळच्याला काय पडले आहे?”

एकाच पट्ट्यात साऱ्यांनी एकदम बोलायचे, अशी एक फोनपद्धत १९९३ साली अमेरिकेत मान्य झाली. पुढे आपल्याकडेही अशा फोनांचा काही वर्षे सुळसुळाट होता. त्या पद्धतीत हे ‘जवळ-लांबचे’ दुखणे इतके मोठे होते, की मनोरा प्रत्येक फोनला सेकंदाला आठशे वेळा ‘जरा वाढव’, ‘जरा कमी कर’ असे बजावत असे. पुढच्या पिढीत हे बजावणे सेकंदाला दीड हजारावर गेले. हे ऐकून मला त्या मनोऱ्याविषयी एकाएकी जवळीक वाटू लागली. सेकंदाला दीड हजार वेळा ‘हळू बोला’ म्हणणारा मास्तर! माझे डस्टर मला अगदीच क्षुल्लक वाटले.

पण भाच्याचे म्हणणे असे, की सगळेच मनोऱ्याच्या धाकावर सोपवता येत नाही. एका मनोऱ्यापलीकडे दुसरा मनोरा असतो. तिथले फोन याचे ऐकत नाहीत आणि त्यांचा गोंगाट मात्र इथवर येतो. तेव्हा जिथे धाक घालणारा कोणी नाही आणि प्रत्येक जण आपापले हित पाहतो, तिथे शेवटी काय घडेल, हे शोधणारे शास्त्र लागते. त्याला खेळांचे शास्त्र म्हणतात. माझे गणित मॅट्रिकपाशी थांबले, म्हणून मी आधी जरा धास्तावलो. पण हे गणित निघाले माझ्या वर्गातलेच.

जॉन नॅश नावाच्या एकविशीतल्या अमेरिकन विद्यार्थ्याचा जेमतेम दोन पानांचा एक लेख १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी आणि त्यानंतरच्या कामासाठी त्याला १९९४ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याने दाखवले, की अशा खेळांत एक मुक्कामाची जागा असते. तिथे पोचल्यावर कोणाही एकट्याला आपली चाल बदलून फायदा होत नाही. सगळे जिथल्या तिथे थांबतात. आपल्याला वाटावे, वा! म्हणजे तोडगा निघाला. पण तीच तर मौज आहे. ती जागा स्थिर असते, चांगली असतेच असे नाही. साऱ्या वर्गाने ओरडणे हीही मुक्कामाचीच जागा. एकट्याने आवाज उतरवला तर त्याचेच वाचन बुडते, म्हणून कोणी उतरवीत नाही. आणि सगळ्यांनी मिळून उतरवला तर साऱ्यांचेच भले होईल, हे साऱ्यांना दिसत असते!

पुढे संशोधकांनी हेच गणित फोनांना लावले. फोनाला बॅटरीच्या एका घोटात जास्तीत जास्त मजकूर पोचवायचा आहे, असे धरा आणि ज्याला त्याला आपल्या मनाप्रमाणे जोर ठरवू द्या. ते जिथे स्थिरावतात, तिथे प्रत्येक जण गरजेहून अधिक ओरडत असतो. सगळ्यांनी थोडा थोडा जोर उतरवला, तर एकाचेही नुकसान न होता साऱ्यांचा लाभ होतो. सरायदार, मंडयम आणि गुडमन या तिघांनी २००२ साली यावर उपाय मांडला तो असा, की ओरडण्याला किंमत लावा. जो जितका जोर लावील, त्याच्या खाती तितका भुर्दंड मांडा. तो भुर्दंड खऱ्या रुपयांचा नव्हे; फोनच्या हिशेबातला. पण तेवढ्यानेही फोन आपण होऊन हळू बोलू लागतात.

त्याआधी १९९३ साली फॉस्किनी आणि मिल्यानिच या दोघांनी एक त्याहून साधी रीत दाखवली होती आणि मला ती अधिक भावली. प्रत्येकाने फक्त आपल्याला पुरेल एवढेच मागायचे. माझे बोलणे मनोऱ्याला पुरेसे स्पष्ट ऐकू जात असेल, तर मी जोर उतरवायचा. जात नसेल, तर तेवढ्यापुरता चढवायचा. दुसरा काय करतो, त्याची गरज किती, हे विचारायचेसुद्धा नाही. साऱ्यांच्या गरजा मिळून पुऱ्या होण्याजोग्या असतील, तर एवढ्या एका नियमावर सारे फोन आपोआप एका जागी येऊन थांबतात आणि ती जागा कमीत कमी जोराची असते.

“आणि गरजा पुऱ्या होण्याजोग्या नसतील तर?” मी विचारले.

भाच्याने शंकरपाळा तोंडात टाकला. “मग काही जण चढत चढत कमाल ताकदीवर जातात. तरी साऱ्यांचे भागत नाही. कोणाला तरी बाहेर काढावे लागते.”

“कोणाला?”

“बहुधा कडेच्याला.”

तो हे अगदी सहज म्हणाला. परंतु माझ्या घशात काहीतरी अडकले. कारण हा खेळ मी फोन हातात येण्याच्या आधी खेळलेला होतो आणि कडेच्याला बाहेर काढणाऱ्यांत मीही एक होतो.

ती गोष्ट नळाची. आमच्या आळीत चौदा घरे. टाकीकडून पाइप येतो आणि माझे घर चौथे. सकाळी तासभर पाणी येई. धार बारीक, पण चौदाव्या घरापर्यंत पोचे. २०१९च्या उन्हाळ्यात दुसऱ्या घरवाल्याने नळाला मोटर लावली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याचा नळ आटला, म्हणून त्याने लावली. मग माझ्या घरी हंडे रिकामे राहू लागले. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही नुसते वह्या तपासत बसा. लोक पाणी ओढून नेताहेत.” मी शहापूरला गेलो आणि अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर घेऊन आलो. पंधरा दिवसांत आळीत अकरा मोटरी झाल्या. पाणी तेवढेच होते. माझ्या घरी पूर्वी सहा हंडे भरत, तेवढेच आता मोटर लावून भरू लागले. वाढले ते फक्त विजेचे बिल.

शेवटच्या तीन घरांत मोटर नव्हती. अगदी टोकाला एक आजी आणि तिची नात राहते. मुलगा-सून वीटभट्टीवर गेली, की घरात या दोघीच. त्यांच्या नळाला हवेचा नुसता फुसकारा येई. आजी पहाटे उठून विहिरीवर जाऊ लागली. वाटेत मी भेटलो, की म्हणे, “गुरुजी, पानी आलं का तुमच्याकडं?” त्या प्रश्नात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देणे सोपे गेले असते.

वास्तविक आमचा मुलूख पाण्याचा. शहापूर तालुक्यात तानसा आहे. १८९२ साली बांधून झालेल्या त्या धरणाचे पाणी अजून मुंबई पिते. भातसा आहे; मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा तिथून जातो. आणि चैत्र-वैशाखात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांची रांग लागते. यावर मी शाळेत, सभेत आणि एका कादंबरीतही पोटतिडकीने लिहिले-बोललेले आहे. मोठ्या मोटरीविरुद्ध बोलणे मला नेहमी जमले. माझ्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरीविषयी मात्र कधी एक ओळ लिहिली गेली नाही.

मग २०२० साल आले. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पावसाळ्यात फोनवरून शिकवायचे फर्मान निघाले. गावात रेघ नाही, म्हणून मुले घरातला एकुलता फोन घेऊन टेकडीवर जाऊ लागली. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. सकाळी दहाला मी धडा सुरू करी आणि सतरा मुले एकदम त्या दूरच्या मनोऱ्याला साद घालत. कोणाचे चित्र थिजे, कोणाचा आवाज तुटे. चार दिवस कोणालाच धड काही ऐकू आले नाही. मी हजेरी घेई आणि ‘गैरहजर’, ‘गैरहजर’ अशा फुल्या मारी. ती मुले टेकडीवर भिजत उभी आहेत, हे मला ठाऊक नव्हते.

पाचव्या दिवशी मी स्वतः टेकडी चढलो. पाहतो तो निराळेच दृश्य. चार मुले खडकावर फोन धरून बसली होती. बाकीची खाली जांभळाखाली, फोन बंद करून. आजीची नात मध्ये उभी राहून बोटांवर पाळ्या मोजत होती.

“गुरुजी, आम्ही पाळी लावलीय,” ती म्हणाली. “चार चार जण. ऐकतील ते लिहून घेतील नि बाकीच्यांना सांगतील.”

“पहिले कोण, हे कसे ठरवलेस?”

“ज्याचा फोन सगळ्यांत रद्दी, तो पहिला.”

मला हसू आले. म्हटले, “हे ग तुला कोणी शिकवले?”

ती सहज म्हणाली, “नळावर बघते ना रोज. पयल्यापासून सुरू केलं, का शेवटाला काय उरत नाय.”

मी टेकडी उतरलो तो खाली मान घालून. पुढे दिवाळीत भाच्याला हे सांगितले, तेव्हा तो चमकला. म्हणाला, “मामा, टेकडीवर वाटून घ्यायचा होता तो मनोऱ्याचा वेळ. जोराचा खेळ जरा वेगळा. पण दोघे सख्खे चुलतभाऊ!”

कोणाला वाटेल, की त्याच संध्याकाळी मी मोटर काढली. नाही काढली. आठ दिवस मी स्वतःशी वाद घालत होतो, की मी एकट्याने काढून काय होणार? माझे पाणी तिसऱ्याकडे आणि पाचव्याकडे जाईल, आजीपर्यंत थोडेच पोचणार? आणि वाचकहो, हा वाद खोटा नव्हता. नवव्या दिवशी मी मोटर काढली आणि अगदी तसेच झाले. माझे हंडे दोनावर आले आणि आजीच्या नळाला तोच फुसकारा. नॅशचे नाव तेव्हा मी ऐकलेले नव्हते, पण त्याचा सिद्धांत माझ्या अंगणात रिकाम्या हंड्याच्या रूपाने उभा होता.

तेव्हा उमगले, की एकट्याच्या पुण्याईने हा खेळ मोडत नाही. नियमच बदलावा लागतो आणि तो साऱ्यांनी मिळून. आपल्या लोकांना हे नवे नाही. खानदेशात पांझरेच्या काठी फडपद्धत शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्याचे पाणी पाळीने फिरायचे, त्यावर पाटकरी आणि जागल्या नेमलेले. पाटाच्या पाण्याची शेजपाळी तर आपल्याकडच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आणि त्यातला जाणता नियम हाच, की पाळी शेपटाकडून सुरू करावी. तोंडाशी असलेल्याला शेवटी पाणी मिळेलच. शेपटाला नंतर मिळेल याची शाश्वती नसते.

मी आळीत घरोघर गेलो. काहींनी चहा दिला, काहींनी उपदेश. दुसऱ्या घरवाला म्हणाला, “गुरुजी, आधी बाकीचे काढू द्या, मग मी काढतो.” तिसरा हेच म्हणाला. पाचवाही हेच म्हणाला! शेवटी मारुतीच्या देवळात एका संध्याकाळी सगळे बसले आणि सर्वांनी एकाच दिवशी मोटरी काढायच्या, असे ठरले. पहिली वीस मिनिटे टाकीकडच्या घरांनी नळ बंद ठेवायचे. जो मोटर लावील, त्याने देवळाच्या दिव्याला महिन्याचे तेल घालायचे. किंमत लावण्याची कल्पना २००२च्या त्या तिघांआधी आमच्या आळीला ठाऊक असावी!

हे सगळे सुरळीत चालले आहे, असे म्हणवत नाही. मे महिन्यात पाणी खरोखरच कमी पडते तेव्हा नियम डळमळतो. एका उन्हाळ्यात मारुतीला तेलाची वाण पडली नाही. गरजा पुऱ्या होण्याजोग्या नसल्या, की काय होते, ते भाच्याने सांगितले आहेच. त्या दिवसांत आम्ही भांडतो, आठ दिवस बोलत नाही आणि पुन्हा देवळात बसतो. पण कडेच्याला गुपचूप बाहेर काढणे मात्र आता जमत नाही. निदान ते उघड्यावर करावे लागते.

फोनच्या बाबतीत मात्र आम्ही अजून कडेलाच आहोत. भाच्याने मला एक कडू गोष्ट सांगितली. चौथ्या पिढीच्या जाळ्यात असा नियम लावतात, की लांबच्या फोनने अंतराची सगळी भरपाई जोराने करायची नाही; थोडी कमीच करायची. कारण तो कडेला असल्यामुळे त्याची ओरड शेजारच्या मनोऱ्याला त्रास देते. म्हणजे लांब असल्याचा तोटा त्याने थोडासा सोसायचा, बाकीच्यांच्या सुखासाठी. गणिताने ते बरोबर असेल. पण तो ‘थोडा’ किती असावा, हे गणित ठरवीत नाही. ते माणसे ठरवतात.

या विचारात मी या दिवाळीच्या सुट्टीत मुरबाडहून माळशेज घाट चढून पलीकडे जाऊन आलो. नारायणगावजवळ खोडदला त्या प्रचंड रेडिओ दुर्बिणी आहेत. एकूण तीस तबकड्या, एकेकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. त्या उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी १९६५ साली आपली पहिली रेडिओ दुर्बीण आमच्या कल्याणजवळ मांडली होती. बत्तीस छोट्या तबकड्या, सूर्याचे बोलणे ऐकण्यासाठी. खोडदची जागा निवडली ती तिथे माणसांचा रेडिओ-गोंगाट कमी, म्हणून. आता मनोरे आणि फोन वाढत चालले आणि त्या दुर्बिणींना त्यातूनच वाट काढावी लागते. त्या तबकड्यांखाली उभा राहिलो, तेव्हा वाटले, इथे तर कडेचा असा आहे, की त्याला जोर वाढवच म्हणता येत नाही. तो लक्षावधी वर्षांपूर्वी बोलून गेला. त्याचे ऐकायचे असेल, तर एकच उपाय: आपण हळू बोलायचे.

घरी परतलो तेव्हा नळाची वेळ झाली होती. नियम सुरू झाला, तो पहिला दिवस मला आठवला. मी माझा नळ बंद करून दारात उभा होतो. तेवढ्यात आळीच्या टोकाकडून आजी लगबगीने येताना दिसली. तिच्या हातात हंडा नव्हता. मला वाटले, आजही फुसकाराच. ती जवळ आली, दम खाल्ला आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली,

“गुरुजी, आमच्याकडं पानी आलंय. तुमच्याकडं येतंय ना?”